ढोली खाणारा उंदीर

"उंदरानं ढोली पोखरली, जी! धान सांडून रायला!"

माझी बायको शेवंता सकाळीच ओरडली. तिचा आवाज ऐकून सौंदडच्या स्टेशनात उभी असलेली गाडी वेळेआधी सुटली असावी!

ढोली म्हणजे आमची धानाची कोठी. बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली. खालचं लिंपण चांगलं हातभर गायब होतं. मी गंभीरपणे वाकून पाहिलं आणि उंदीर रेड्याएवढा असावा, असं मत दिलं. (अंदाज बरोबर होता. तो उंदीर मीच होतो!)

काय सांगू! भरल्या ताटावर मन बसेना. पण ढोलीचा वाळका ढलपा दिसला की तोंडाला पाणी सुटे. अंगातली ताकद मात्र आटत चाललेली. शेतातला धुरा, म्हणजे बांध, चढताना मी प्रतापगड चढल्यासारखा धापा टाकी. शेवंता त्याला आळस म्हणे.

तिनं पिंजरा लावला. मग शेजाऱ्याची मांजर आणून बसवली. ती मांजर बिळाकडं न पाहता माझ्याकडंच टक लावून बसे!

रोवणीच्या दिवशी मी चिखलात खाली बसलो, तो उठलोच नाही. बायांनी रोपं टाकून मला ओढून धुऱ्यावर आणलं. दवाखान्यापर्यंत शेवंता माझा हात धरून होती, आणि एक शब्द बोलली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं, शौच तपासलं.

"पोटात अंकुशकृमी आहेत. रक्त पिऊन राहिलेत. आणखी उशीर केला असता तर हृदयावर आलं असतं."

उघड्यावर शौच केलेल्या ओल्या मातीतून ते अनवाणी पायात शिरतात, असं त्यांनी समजावलं. (आमच्या संडासात मी खताची पोती रचली होती.) रक्तातलं लोह आटलं की काहींना माती खावीशी वाटते, हेही सांगितलं.

"तुम्ही खाता का?"

मी छताकडं पाहिलं. शेवंतानं माझ्याकडं पाहिलं.

जंताच्या गोळ्या झाल्या, लोहाच्या सुरू राहिल्या. पोती बाहेर निघाली, पायात चपला आल्या. अंगात जीव आला, तशी जीभही सुटली. गल्लीभर सांगत सुटलो, "ढोली मी नाही खाल्ली! जंतांनी खायला लावली. माझा काय दोष?"

शेवंतानं शेणमातीचं घमेलं माझ्यापुढं ठेवलं.

"मंग जंताईलेच सांगा लिपाले."