ढेकीवरचा तास

"मॅडमले इंग्रजीच येते वाटते," मागच्या बाकावरची कुजबूज ऐकू आली आणि मी फळ्याकडे तोंड करूनच उभी राहिले. मुलचेऱ्याजवळच्या त्या शाळेतला माझा पहिलाच आठवडा होता. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. साठलेली ऊर्जा गतीत कशी बदलते हे मला पक्कं ठाऊक होतं, पण पाठ केलेलं मराठी वाक्य अर्ध्यावरच तुटलं होतं आणि मुख्याध्यापक दाराशी येऊन थांबले होते. तेवढ्यात शेजारच्या अंगणातून धान कांडायच्या ढेकीचा धप्प आवाज आला. मी हातानेच खुणावून सगळ्यांना तिकडे नेलं. ताज्या कोंड्याचा गोडसर वास सुटला होता, उखळातले तांदूळ हाताला कोमट लागत होते. कांडणाऱ्या बाईंनी जागा दिली आणि वर्गातल्या एका मुलीने लाकडी दांड्याच्या मागच्या टोकावर पाय दाबून धरला, तसं पुढचं मुसळ वर गेलं. "मॅडम, पाय दुखून राह्यला, सोडू का?" "थांब न, मॅडमले सांगू दे," दुसरीने दटावलं. मागोमाग आलेले मुख्याध्यापकही माझ्याकडेच बघत होते. अजूनही कोंड्याचा वास आला की मला हायसं वाटतं, कारण तेव्हा माझा आवाज एकदाचा मोकळा फुटला: "तुझ्या पायाची ऊर्जा आता त्या मुसळात साठली आहे. काढ पाय, आणि ती कुठे जाते ते सगळे बघा!"