शिंपीकाकांची विलायती गाणी

सकाळी मी चहा गाळत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका उभे होते. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान.

"बघ, आली तक्रार!" सासूबाई आतून म्हणाल्या. "रोज सकाळी त्या विलायती बँडची बोंबाबोंब!"

गाणी आमच्या ह्यांची. कॉलेजपासून तोच एक जुना रॉक बँड आणि त्याची तीच गाजलेली गाणी. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आठवडाभर मीच खिडकी लावून घेत होते.

काकांचं मशीन पायाचं. जलद गाणं लागलं की ते लांब शिवण मारायचे, संथ लागलं की हाताने काजं करायचे. आम्हाला ह्याचा पत्ताच नव्हता.

"गाणी बंद झाल्यापासून पाय अडखळतोय," काका म्हणाले. "काल कोटाची बाही दोनदा उसवली. नवरदेव संध्याकाळी न्यायला येणार आहे."

"पण काका, शब्द कळतात का तुम्हाला?" ह्यांनी कौतुकाने विचारलं.

"मला काय शब्द शिवायचेत?"

चहाला त्यांनी नको म्हटलं. जिन्यापाशी जाऊन मात्र मागे वळले.

"सूनबाई, तेवढी खिडकी उघडी ठेवा."