तात्यांचा बाहेर जायचा शर्ट

दुपारी लाईट जाते आणि गल्लीतले सगळे माग एकदम बंद पडतात. आम्हा इचलकरंजीच्या लोकांना खडखडाटात झोप लागते, तो थांबला की जाग येते. आज माझं उलटं होतंय. मी हातमागाच्या बाकावरून उतरतो आणि चिंध्यांच्या पोत्यावर डोकं टेकतो. पोत्याला डांबरगोळ्यांचा वास, कुणाच्या तरी केसाच्या तेलाचा वास. डोळे मिटलेत का उघडे आहेत, कळत नाही. पत्र्याच्या भोकातून ऊन आत आलंय आणि त्यात कापसाचा फुफाटा तरंगतोय.

बाकावर तात्या बसलेत.

तात्या म्हणजे माझे वडील. उन्हाळ्यात गेले. अंगात बनियन, खाली खाकी हाफ पँट. कारखान्यात असायचे तसेच.

"झोपलास व्हय?"

"न्हाई."

"मग घोरतंय कोण?"

मला हसू येतं. त्यांना येत नाही.

"निवास, माझा शर्ट कुठाय?"

कुठला ते विचारावं लागत नाही. त्यांचा बाहेर जायचा शर्ट एकच. पिवळसर, त्यावर बारीक तपकिरी पानं छापलेली. लग्न, बारसं, मयत, सगळीकडं तोच. भिंतीवरच्या फोटोतपण तोच. तात्या पॉवरलूमवर जॉबर होते. जन्मभर त्या भट्टीसारख्या शेडमध्ये बनियनवर माग दुरुस्त केले. पण शेडच्या बाहेर, कचरा टाकायला जरी निघाले तरी आधी शर्ट घालायचे.

शर्टाचं काय झालं ते तुम्हाला सांगतो, त्यांना कसं सांगू कळत नाही.

ते गेल्यावर आईनं त्यांचे कपडे बोहारणीला दिले आणि एक स्टीलचं पातेलं घेतलं. बोहारीण जमलेले जुने कपडे मलाच आणून विकते. मी त्यांच्या पट्ट्या फाडून सतरंज्या विणतो. मोबाईलवर बघून शिकलोय. म्हणजे शर्ट पुढच्या दारानं गेला आणि मागच्या दारानं गठ्ठ्यातून परत आला. कपडा आम्ही उलटा करून फाडतो, शिवणी दिसाव्यात म्हणून. कॉलर कापायची, बटणपट्टी कापायची, मग दोन बोटं रुंद पट्ट्या. उलट्या बाजूनं सगळे जुने शर्ट सारखेच विटलेले. पट्टीला पीळ बसला की पान कुठलं आणि डाग कुठला, समजत नाही. मी सतरंजी विणली, पुण्याला विकली. मग एकदा फोटोवरची धूळ पुसायला गेलो आणि हात तिथंच राहिला, हीच पानं मी फाडली होती. आईला अजून सांगितलेलं नाही.

"कशाला पाहिजे शर्ट?" मी विचारतो.

"तिथं बनियनवर हिंडतोय रं. जो तो इचारतोय, कामाला आलास व्हय? आन लावत्यात कामाला."

"तिथंबी माग हाईत?"

"हाईत की. भोंगाबी हाय."

"आन सुट्टी?"

तात्या बनियनला हात पुसतात.

"शर्ट घातलेल्याला बसवून घेत्यात," मग म्हणतात. "पावण्यागत. चा देत्यात. म्या बघितलंय."

मी उठतो आणि आमची शेड लांबत जाते. दोन्ही बाजूंना माग, तात्यांच्या जुन्या कारखान्यातले. सगळे चालू आहेत, धोटे इकडून तिकडं पळतायत, पण आवाज नाही. तात्या पुढं चालतात, मी मागं. सवयीनं एका मागाला हात लावतात, एक नट पिळतात. "ढिल्ला सोडला हुता कुणीतरी." कापड उलगडत येतंय, पांढरं, कोरं, कुणाच्या तरी शर्टाचं.

रांगेच्या टोकाला बाथरूमचं दार आहे. आम्ही पुण्यातल्या कुठल्यातरी फ्लॅटमध्ये उभे आहोत. लाद्या थंडगार. दारापुढं माझी सतरंजी.

आतून एक माणूस बाहेर येतो, ओल्या पायानं. सतरंजीवर उभा राहून पाय पुसतो. आधी डावा, मग उजवा, मग बोटांच्या मधे. आम्ही त्याला दिसत नाही. तो निघून जातो.

तात्या वाकून हात लावून बघतात.

"पाणी बरं वडतीय की."

"तात्या, चला इथनं."

"थांब की. कुठली पट्टी?"

मी बोट ठेवतो.

"ही न्हवं. ही. ह्यो बघ पानाचा देठ."

ते उकिडवे बसतात आणि पट्टीखाली नख घालायला बघतात. नख शिरत नाही. मीपण खाली बसतो. आम्ही दोघं एका अनोळखी माणसाच्या बाथरूमपुढं बसून एक चिंधी उचकटतोय. ती हलत नाही.

"टोक कुठाय हिचं?"

"आत दडपलंय."

"कशाला?"

"सुटू नये म्हणून."

तात्या तळहातानं सतरंजीवर थाप मारतात. कारखान्यात कापडाच्या ठाणावर मारायचे तशी. मग दुसऱ्या जागी. मग काठावर अंगठा फिरवत नेतात. काठ सरळ आहे, कुठंच आत ओढलेला नाही. त्यांचा अंगठा शेवटपर्यंत जातो.

"घट्ट इणलंयस रं," ते म्हणतात.

मी भंगारातला हातमाग आणून घरामागं उभा केला तेव्हा तात्या गल्लीत सांगायचे, आम्ही कापड केलं, पोरगं त्येच्या चिंध्या करतंय. माझ्या एकाही सतरंजीला त्यांनी कधी पाय लावला नाही, हात तर लांबच. हे एक वाक्य ऐकायला मी दोन वर्षं माग ठोकलाय. आणि आता वाटतंय, जरा ढिल्ली विणली असती तर.

"कात्रीनं कापू," मी म्हणतो.

"कापून? परत शर्ट हुतोय व्हय त्येचा?"

आतून भोंगा वाजतो, बाथरूमच्या आतून. दार उघडं आहे आणि पलीकडं शेड आहे. माणसं चाललीत, सगळी बनियनवर, सगळ्यांच्या पाठी ओल्या. तात्या गुडघ्यावर हात टेकून उठतात.

"जातो."

"थांबा. माझा घ्या."

मी बटणं काढतो. बोटं जड झालीत, एकेक बटण निघता निघत नाही. शर्ट त्यांच्या पुढं धरतो. ते एक हात घालतात. दुसरा कोपरापर्यंत जातो आणि अडकतो.

"खांद्यात बसंना."

"वडा."

"फाटंल."

"फाटू दे."

मी पाठीमागं जाऊन ओढतो, लहान पोराला घालतात तसा. ते खांदे आवळून घेतात, मान खाली घालतात, होईल तेवढे बारीक होतात. चर्र आवाज येतो. मग दुसऱ्या बाजूनं.

"ऱ्हाऊ दे, निवास."

"अजून एकदा."

"ऱ्हाऊ दे म्हणतोय न्हवं."

शर्ट काढतात, माझ्या हातात देतात आणि दारातून जातात. रांगेतला एकजण त्यांना विचारतो, "आला काय?"

"आलो," तात्या म्हणतात.

"निवास, ए निवास, चा घे."

आई उभी आहे, हातात कप. मी पोत्यावर, नुसत्या बनियनवर. पाठ घामानं भिजलीय. माझा शर्ट बाकावर पडलाय. आई कप ठेवून तो उचलते. दोन्ही खांद्यांच्या शिवणी उसवल्यात, बगलेपर्यंत. धागे लोंबतायत.

"आता कशात अडकवलास ह्यो?"

"आई, ह्यो खांद्यात मोठा करता येईल?"

"मोठा? तुला ह्योच ढगळ हुतोय की."

ती माझ्याकडं बघत राहते. मग काही न विचारता माझ्या शेजारी पोत्यावर बसते, शर्ट उलटा करते, उसवलेल्या कडेवरून बोट फिरवत नेते. एका बाजूनं, मग दुसऱ्या.

"तयार शर्टात आत कापडच सोडत न्हाईत," ती म्हणते. "न्हाई हुणार."

"थोडा?"

"थोडाबी न्हाई."