काकीच्या वाट्याचं लाकूड

चार वर्षांपूर्वीचा माघातला रविवार. आमच्या परसातल्या दोन वाळलेल्या झाडांचे, एक फणस आणि एक आंबा, तेवीस हजार रुपये ठरले. हजर होतो तिघं: वखारवाला, मी आणि माझी चुलती, यशोदाकाकी. त्या दिवशी मी काकीशी एकच शब्द बोललो. तो का बोललो, हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

मी भोरला एका पतसंस्थेत हिशेब बघतो. गाव किकवीपासून आत. रोज गाडीवर जाऊन-येऊन करतो. ती झाडं आजोबांनी लावलेली. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा परसाची हद्द बरोबर त्या झाडांतून गेली, म्हणून दोन्ही झाडं निम्मी-निम्मी ठरली. काका लवकर गेले. काकीची मुलगी पालीला दिलेली. काकी एकटी राहते — एकटी कसली, आमच्याच भिंतीला लागून. मी लहान असताना आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायची, तेव्हा शाळेतून आलो की मी काकीच्या चुलीपुढे बसायचो. भाकरी किती खाल्ली हे तिनं कधी मोजलं नाही. मोजायची सवय माझी.

तर, लाकडाचं काय करायचं? वखारवाल्यानं बुंध्याभोवती टेप धरला. त्याच्या आधी घनफूट मीच काढून सांगितले. आंबा खोक्यांना जाईल, तो म्हणाला. फणस मात्र चांगला, पिवळाधमक. फळ्या पाडून घरी वापरा, विकू नका. माझ्या बायकोला दिवाण हवा होता. काकीला एकच गोष्ट हवी होती. तिच्या मागच्या दाराला पत्रा ठोकलेला आहे, वारं सुटलं की आपटतो. तिला तिथं फणसाचा दरवाजा करायचा होता. मी मनात मांडून बघितलं — तिच्या निम्म्यात दरवाजा, चौकट, सगळं बसत होतं. वर थोडं उरतही होतं.

मग ती धुण्याच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "परकास, झाडं कशानं रं गेली?"

आता इथे मला थांबून दुसरंच सांगावं लागेल. कारण मला माहीत होतं, झाडं कशानं गेली ते.

त्याच्या तीन वर्षं आधी मी नवा संडास बांधला. शोषखड्डा सहा फूट पलीकडे घेतला असता तर पायपाचा आणि फरशी फोडून परत घालण्याचा खर्च धरून नऊ हजार जास्त लागत होते. मी तो दोन झाडांच्या मधे घेतला. काकी तेव्हा पालीला गेली होती, मुलीच्या बाळंतपणाला. जेसीबीवाला म्हणाला, साहेब, मुळं लागली, मांडीएवढी आहेत. मी म्हणालो, काढ. संध्याकाळच्या आत मी स्वतः फावड्यानं माती ओढून ती तुटलेली तोंडं झाकली. का झाकली? नुसता विसर पडला असता तर झाकायची गरज काय होती?

फणसानं पुढच्या पावसाळ्यानंतर पानं टाकली. त्याच्या पुढच्या वर्षी आंब्यानं.

काकीनं उत्तराची वाट पाहिली नाही. तिनं ते स्वतःच शोधून ठेवलं होतं. चुलीतली राख ती वर्षानुवर्षं त्या झाडांच्या बुडाशी टाकायची. एकदा घाईत राखेत निखारे राहिले होते. "त्यानंच मूळ भाजलं असंल," ती म्हणाली. "माज्या हातनं गेली झाडं. व्हय ना रं?"

राखेनं, चार निखाऱ्यांनी झाड मरत नाही. शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिलाही एरवी लागलं नसतं. ती माझ्याकडे बघत होती — मी शिकलेला, मी नाही म्हणेन म्हणून.

मी म्हणालो, "असंल, काकी."

एवढंच. तेवढ्यावर ती उठली. "मग मला त्यातलं काय बी नगं. ज्याला मारलं त्याचाच दरवाजा करून बसू व्हय?" वखारवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला दुसरा बुंधा मोजायला सांगितला.

आंबा विकला. फणसाचा दिवाण झाला आणि मुलीला अभ्यासाचं टेबल. सुंदर झालंय. पाहुणे हात फिरवून बघतात.

आणि काकी? तिनं त्या दिवसापासून कुठल्याच झाडाजवळ राख टाकली नाही. पाटीत भरून ती ओढ्यापर्यंत नेऊ लागली. तिचे गुडघे गेलेले. मागच्या दारात चहाचा कप घेऊन मी तिला जाताना बघायचो, आणि कधी कधी — हे लिहायला जड जातं — ती दिसेनाशी झाली की मला बरं वाटायचं. परतताना मला हाक मारून ती घेवड्याच्या शेंगा द्यायची. मी घ्यायचो.

यंदा श्रावणात ती ओढ्याच्या वाटेवर घसरली. मनगट मोडलं. भोरला नेऊन प्लास्टर घातलं. परत येताना टेम्पोत बसलेल्या बायांना ती सांगत होती की, पुतण्या नसता तर माझं काय झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओट्यावर जाऊन सगळं सांगितलं. खड्डा, मुळं, माती, तो शब्द. ती एका हातानं शेंगा निवडत होती. शेवटची शेंग निवडून तिनं सूप बाजूला सारलं.

"म्हंजे म्या न्हाई मारली."

"नाही."

"एक डाव परत म्हन."

"तू नाही मारलीस, काकी. मी मारली."

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "तुजा काका म्हनायचा, ह्ये पोरगं हिशेबाला पक्कं हाय. लईच पक्कं निगालास."

मी तिच्या वाट्याचे पैसे पुढे ठेवले. तिनं एका हातानं, मांडीवर ठेवून, एकेक नोट मोजली.

"ह्ये वरचं कशाचं?"

"व्याज."

"व्याज काडलंस व्हय? आन म्या वाहिल्या त्या पाट्यांचं?"

तिनं व्याजाच्या नोटा माझ्याकडे सरकवल्या, बाकीच्या कनवटीला लावल्या आणि मला चुलीवर चहा ठेवायला सांगितला, हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून. माफ केलं असं ती म्हणाली नाही. पण पैसे घेतले. नको म्हणाली असती तर मी तिच्या ओट्यावर पुन्हा कसा चढलो असतो? तिनं ते मोजून घेतले, याचं ऋण माझ्यावर भाकरीइतकंच आहे. त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी मी तिच्या चुलीपुढे बसलो. धूर डोळ्यांत गेला. तिनं फुंकणी माझ्या हातात दिली, आणि फुंकायचं कसं हे विसरलास म्हणून हसली.

दिले ते असे: फणस आणि आंब्याच्या निम्म्या वाट्याचे अकरा हजार पाचशे, रोख, यशोदाकाकीला. पाट्यांचं काही दिलेलं नाही.