नकलेमामा आणि साहेबरावांचा पाय

नकलेमामांना स्वतःचा असा आवाज होता की नाही, याची आमच्या कचेरीत सगळ्यांनाच शंका होती. ज्याच्याविषयी बोलत, त्याच्याच आवाजात बोलत. मोठ्या साहेबांचा खोकला काढून त्यांनी व्हरांड्यातून "चहा!" म्हटलं, की शिपाई टोपी सावरत उठायचा. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण हजेरीपट सोडला तर ते कुणी वापरत नव्हतं.

निरोपसमारंभाला मामांची नक्कल ठरलेली. औरंगाबादेत तेव्हा करमणूक ती किती! हार, श्रीफळ, साहेबांचं न संपणारं भाषण, आणि मग मामा. आधीचे कितीतरी दिवस ते त्या माणसाच्या मागंमागं हिंडत. तो सही करताना जीभ कशी बाहेर काढतो, सुपारी कोणत्या गालात ठेवतो, सगळं टिपत. मात्र तो स्वतः समोर बसल्याशिवाय तोंड उघडत नसत. गैरहजर माणसाची नक्कल करा म्हणून कुणी गळ घातली, तर म्हणत, "नक्को! पाठीमागं केली तर चुगली होती. तोंडावर केली तर नक्कल."

मग आमच्या टपाल विभागातले साहेबराव निवृत्त व्हायला आले. लहानपणी त्यांच्या डाव्या पायावरून वारं गेलं होतं. चालताना एक पाऊल जोरात पडायचं आणि मागून दुसरी चप्पल फरशीवर घासत यायची. तेव्हाचे साहेब नुकतेच पुण्याहून बदलून आलेले. त्यांनी मामांना बोलावून बजावलं, की माणसाच्या व्यंगावर हसणं सभ्य कचेरीला शोभत नाही. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. मामा "जी" म्हणून बाहेर आले आणि साहेबरावांची नक्कल रद्द झाली.

यावर भडकले ते साहेबरावच. तणतणत आमच्या टेबलाशी आले.

"कामून? समद्यांची केली, मी काय घोडं मारलं?"

"करतो की," मामा म्हणाले. "पाय तेवढा सोडून करतो."

"पाय सोडून? मग काय माझ्या सदऱ्याची करतो व्हय? आरं, जिंदगीभर लोकांनी मला सांभाळूनच घेतलंय. लई कंटाळा आलाय त्याचा. जाता जाता तरी मला तुमच्यातला समजा!"

हेच त्यांनी साहेबांनाही जाऊन ऐकवलं. साहेब म्हणाले, तुमचं तुम्ही बघा.

समारंभाच्या दिवशी मामा हॉलच्या मागच्या दारातून चालत आले. ठप्, सर्र. ठप्, सर्र. डोळे मिटले असते तर साहेबरावच आले म्हटलं असतं. आम्ही पोट धरून हसलो. साहेबराव तर इतके हसले की धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. ती उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

मामा तिच्यामागं धावले, मीही गेलो.

"वहिनी, त्यांनीच सांगितलं होतं हो," मामा म्हणाले. प्रथमच त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही.

"ठावं हाय भाऊजी. ते हसले, खरंच हसले. पण गल्लीच्या तोंडाशी ही पावलं वाजली, की मी तवा टाकते चुलीवर. उद्यापासून पावलांसंगं हे हसणं बी ऐकू येईल. ते कसं काढू मी कानातून?"

 त्यानंतर मामांनी कुणाचीच नक्कल केली नाही. साहेबराव एकदा गुलमंडीवर भेटले तेव्हा त्यांनी मामांना भर रस्त्यात झापलं, "माझ्यापायी बंद केली व्हय? म्हंजी पुन्हा मीच आडवा आलो!" मामा नुसते हसले. पुढं त्यांच्या स्वतःच्या निरोपसमारंभात हार, श्रीफळ आणि भाषण, एवढंच झालं. असा नीरस कार्यक्रम मी आयुष्यात पाहिला नाही.

हल्ली जो तो म्हणतो, पूर्वीची माणसं खिलाडू होती, आताची उठसूट दुखावतात. मला चीड येते ऐकून. दुखावणारी माणसं तेव्हाही होती, ती मुकाट्यानं उठून बाहेर जायची. आणि 'व्यंगावर हसू नका' म्हणणाऱ्यांवर साहेबराव कसे भडकले होते, तेही मी पाहिलं आहे. दोन्हीचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही.

काही वर्षांनी साहेबराव गेले. मामा आणि मी त्यांच्या बेगमपुऱ्यातल्या घरी भेटायला गेलो.  वहिनी चहा ठेवायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"भाऊजी, एकदा चाला ना त्यांच्यावाणी. गल्लीच्या तोंडापासून."

मामा गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. मग चप्पल घालून बाहेर गेले. वहिनी दाराकडं पाठ करून चुलीपाशी बसल्या. बाहेरून आवाज आला. ठप्, सर्र. ठप्, सर्र. तो उंबऱ्याशी येऊन थांबला.

"नाही भाऊजी," वहिनी मान न वळवता म्हणाल्या. "हे तुमचंच चालणं हाय."

"थांबा, पुन्हा बघतो," म्हणून मामा गल्लीच्या तोंडाशी गेले. पुन्हा आले. पुन्हा गेले. घामानं सदरा पाठीला चिकटला तरी थांबेनात. शेवटी वहिनीच उठून दारात आल्या.

"ऱ्हाऊ द्या आता," त्या म्हणाल्या. "पाय दुखतील तुमचे."