पाठुंगळी आणलेले तोकुजी

जपानातल्या एका गावी, मेणाच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या गल्लीत सुमिएबाईंचं घर सगळ्यांत देखणं. जुनं जपायचं म्हणून सुतार आले आणि त्यांनी घर पार दीडशे वर्षं मागे नेऊन ठेवलं. सासऱ्यांनी मधोमध बसवलेलं काचेचं दार काढलं, तिथे लाकडी जाळी ठोकली, आणि दार गेलं कोपऱ्यात. काम चालू असतानाच सुमिएबाईंचे यजमान तोकुजी इस्पितळात गेले, ते गेलेच. नवं दार त्यांनी पाहिलंच नाही. प्रवासी फोटो काढत, "काय जपलंय!" म्हणत. जपलंय डोंबल!

बोनच्या सणाला पितर घरी येतात. पहिल्या वर्षी सुमिएबाईंनी कोपऱ्यातल्या दाराशी तागाच्या काड्या पेटवल्या, वाट दिसावी म्हणून. तिन्हीसांजेला बाहेरून जाळीवर हात फिरला. खर्र, खर्र. जुन्या दाराच्या जागी थांबला, पुन्हा फिरला.

"मांजर असेल हो, वहिनी," नणंद हात्सुए म्हणाली. "दादा जिवंतपणी कधी वेळेवर घरी आला नाही, तो आता येतोय होय!"

"मांजराला बोटं असतात का, वन्सं?"

नवरा स्वतःच्याच घराबाहेर चाचपडतोय आणि आपण आत भात गिळतोय! सुमिएबाईंना रडू फुटलं. पुढच्या वर्षीही तेच.

यंदा मात्र त्यांनी माहेरची रीत काढली. त्यांच्या डोंगरातल्या गावात पितरांना पाठुंगळी आणतात. तोकुजींच्या थडग्याकडे पाठ करून त्या उकिडव्या बसल्या, हात मागे नेले. "बसा. आता लाजता कसले?" उठताना गुडघे कुरकुरले. पाठीवर ओझं होतं, खरंच होतं. कोपऱ्यातल्या दारातून वाकून आत शिरल्या, तेव्हा कुठे पाठ हलकी झाली.

बाहेरचा आवाज बंद झाला. सुमिएबाईंनी तोकुजींच्या आवडीची वांगी केली, ताट वाढलं, आणि रिकाम्या आसनाशी मनसोक्त भांडल्या.

सण सरला की पितरांना पुन्हा काड्या पेटवून परत धाडतात; त्या निरोपाच्या संध्याकाळी हात्सुए दाराबाहेर काड्या रचत होती. एवढ्यात जाळीवर हात फिरू लागला. या खेपेला आतून.

हात्सुए पांढरीफटक पडली. "वहिनी, दादाला बाहेर पडायची वाट सापडत नाहीये. घ्या ना त्याला पाठीवर, सोडून या!"

सुमिएबाईंनी रचलेल्या काड्या गोळा केल्या.

"कुठे जायचंय त्यांना? आलेत ना घरी!"

त्या आत शिरल्या आणि दाराला कडी घातली. जाळीवरचा हात काही थांबला नाही.