पायरीवरची हातबोशी

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या इस्राएल आळीत शनिवारी सकाळी दोन म्हातारे मशिदीच्या पायरीवर भांडताना दिसले, तर कोणी थांबून बघत नसे. मशीद म्हणजे इथल्या मराठी ज्यूंचं, इस्राएलांचं सिनेगॉग. पण तो शब्द पाहुण्यांसाठी. गावाला ती इस्रायली मशीद, एवढं पुरे होतं. भांडणारे दोघे म्हणजे इझिकेल आणि कमळाकर. एकाचा विश्वास देवावर, दुसऱ्याचा थर्मामीटरवर. साठ वर्षांची दोस्ती आणि जवळजवळ तितकाच जुना एकच वाद: लहानपणी आलेल्या तापातून कमळाकरला उठवलं कोणी?

कमळाकर मूळचा पेणकडचा, धरमतरच्या खाडीकाठचा. बाप मिठागरात राबून राबून गेला, तेव्हा आई पुतळी पोराला घेऊन अष्टमीला भावाच्या आधाराला आली. भाऊ नावाचाच भाऊ निघाला. खरा आधार दिला तो शेजारच्या इस्राएल आळीतल्या एलियाह सुतारांनी. पुतळी त्यांच्याकडे पाणी भरायची, दळणकांडण करायची, आणि पोर त्यांच्याच अंगणात रंध्याखालच्या भुशात खेळायचं. एलियाहकाकांचा धाकटा इझिकेल आणि कमळाकर एका वर्गात, एका बाकावर आणि बहुतेक वेळा एकाच शिक्षेत असायचे. सागवानाच्या भुशाचा वास कुठे आला की कमळाकरला अजून ते अंगण आठवतं.

चौथीत त्याला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी औषध दिलं, पण ताप हलेना. पोर सुकून चिपाड झालं. पुतळीने अंगारे केले, नवस बोलून झाले, कोंबडं कबूल करून झालं. शेवटी एका शनिवारी तिने पोराला खांद्यावर टाकलं आणि मशिदीच्या पायरीवर येऊन बसली. आत कोणी नको म्हटलं नसतं, पण तिला आत जायचं सुचलंच नाही.

तेव्हा मशीद माणसांनी भरलेली असायची. प्रार्थना संपली की हातबोशी व्हायची. सगळ्यांत वडील माणूस, म्हणजे त्या काळी एलियाहकाका, शेजारच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, मग दोघेही आपापली बोटं ओठांना लावायचे. तो शेजारी मग पुढच्याला द्यायचा, तो त्याच्या पुढच्याला. म्हाताऱ्यांकडून तरण्यांकडे, बायकांकडे, पोरांकडे ती अशी फिरत जायची. एलियाहकाकांचा नियम कडक होता. “हातबोशी आपल्यापाशी ठेवायची नसते. गावली की पुढं द्यायची,” असं ते पोरांना दरडावून सांगायचे.

त्या दिवशी सगळ्यांत शेवटी इझिकेल उभा होता. त्याच्यापुढे कोणी नव्हतं, उघडं दार होतं आणि दाराबाहेर पायरीवर कमळ्या. त्याने वळून बापाकडे पाहिलं. बापाने मानेने होकार दिला. इझिकेल बाहेर आला, मित्राचे तापलेले हात त्याने हातांत घेतले आणि मोठ्या माणसासारखा गंभीर चेहरा करून बोटं ओठांना लावली.

काकांचा नियम कमळाकरलाही पाठ होता. त्याने हात आईपुढे केले. पुतळी चटकन मागे सरली.

“मला नको रं,” ती म्हणाली. “तुला ताप हाय. तुझ्याजवळच ऱ्हाऊं दे.”

दुसऱ्या दिवशी पोराला घाम फुटला आणि ताप उतरला. पुतळी मरेपर्यंत सांगायची, “इस्राएलांच्या देवानं माझा पोर परत दिला.” आणि कमळाकर मोठा झाल्यापासून सांगायचा की औषध लागू पडलं होतं, मुदतीचा ताप मुदत भरून गेला होता, हातबोशीच्या जागी लिमलेटची गोळी दिली असती तरी उतरला असता.

पुढे रोह्याशेजारी धाटावला कारखाने आले. कमळाकर एका कंपनीत लॅबमध्ये लागला, इझिकेल त्याच कंपनीत बॉयलरवर. शिफ्टची बसही एकच होती. कमळाकर कुठलीही गोष्ट नळीत घालून, तापवून, रंग बघितल्याशिवाय मानायचा नाही. रविवारी तो गावोगाव विज्ञानाचे प्रयोग दाखवत फिरायचा. कावीळ उतरवणाऱ्या बुवाच्या ताटातलं पाणी चुन्याने आणि आंब्याच्या सालीच्या रसाने पिवळं कसं होतं, हात डोक्यावर ठेवून दुखणं ओढून घेणारा बाबा लोकांना कसं गंडवतो, हे तो असं रंगवून सांगायचा की बुवाचे भक्तसुद्धा हसायचे. इझिकेल त्याची पिशवी उचलायला बरोबर जायचा आणि मागच्या बाकावर बसून खोड्या काढायचा.

पेणच्या एका शाळेत कमळाकरने आपल्या तापाचीच गोष्ट सांगितली. शेवट असा केला की, “मला औषधाने बरं केलं, हाताने नाही.”

मागच्या बाकावरून इझिकेलचा आवाज आला, “मग इतके दिवस ते औषध काय झोपलं व्हतं?”

पोरं फिदीफिदी हसली. परत येताना कमळाकर एसटीत दुसऱ्याच बाकावर जाऊन बसला. इझिकेलने पेणची पोह्याची तळलेली मिरगुंडं घेतली होती, ती एकट्याने खाल्ली.

वाद व्हायचा, पण तो पोरकट नव्हता. एकदा कमळाकरने त्याला परदेशातल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. हृदयाच्या ऑपरेशनच्या रोग्यांसाठी लोकांना प्रार्थना करायला लावली, तरी काही फायदा दिसला नाही. उलट ज्यांना ठाऊक होतं की आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे, त्यांचाच त्रास थोडा वाढला.

“प्रार्थना करणारे त्यांना वळखत व्हते?” इझिकेलने विचारलं.

“नाय.”

“हात हातात घेतला व्हता?”

“नाय रे. तसं केलं तर तो प्रयोग कसला?”

“मग ती प्रार्थना कसली?” इझिकेल म्हणाला. “बरं, वाफ मला दिसत नाय, पण धक्का देते, म्हणून मी मानतो. तू सांग, माझ्या आत बसून हे सगळं बघतोय तो कोण?”

“मेंदू. मेंदूतली रसायनं.”

“मग तुमच्या लॅबमध्ये ती एका नळीत घाल आणि तिला विचार, बाई गो, तू कशी हायस?”

कमळाकर यावर खूप वाचायचा, आणि वाचून झालं की खाली मान घालून म्हणायचा, “अजून ठाऊक नाय.” हे वाक्य त्याला शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर वाटायचं आणि इझिकेलपुढे म्हणताना जिवावर यायचं.

दरम्यान आळी रिकामी होत गेली. एकेक घर इस्रायलला निघालं. निघायच्या आधी मलिदा व्हायचा. पोहे, नारळ, फळं असं ताट मांडून एलियाह हन्नबी या त्यांच्या प्रेषिताची आठवण काढायची, जेवायचं, रडायचं, आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. कमळाकर प्रत्येक मलिद्याला हजर असायचा. पोहे खायचा, नबीबद्दल बोलायचा नाही. एलियाहकाका गेले. इझिकेलचा थोरला भाऊ रूबेन गेला तो विमानाने, इस्रायलला. इझिकेलची मुलगी शीराही तिकडेच स्थिरावली. शेवटी आळीत इस्राएलांपैकी उरले ते इझिकेल आणि त्याची बायको हन्ना, आणि मशिदीची किल्ली.

तरी दर शनिवारी तो मशीद उघडायचा, बाकं पुसायचा, एकट्यानेच प्रार्थना म्हणायचा. कमळाकर बाहेर पायरीवर पेपर वाचत त्याची वाट बघायचा. एकदा इझिकेलने दारात येऊन हात पुढे केले होते. कमळाकरने पेपर घडी करून काखेत घातला आणि म्हणाला, “लहानपणी एक घेतली, तिचंच भांडण मिटत नाय. दुसरी कशाला?” इझिकेल हसला. पण हात मागे घ्यायला त्याला थोडा वेळ लागला, आणि ते कमळाकरच्या मनात कुसळासारखं राहिलं.

या वर्षी दिवाळीनंतर इझिकेलच्या छातीत दुखू लागलं. तपासणीत हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. पनवेलच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. त्याने काहीतरी कारण काढून ती चुकवली. डॉक्टर चिडले, दुसरी तारीख दिली आणि सांगितलं, आता थांबलात तर हातातलं नाही. त्या दुसऱ्या तारखेला सकाळी दारात गाडी उभी राहिली आणि इझिकेल घरात नव्हता.

हन्नाने कमळाकरचं दार ठोठावलं. तिने लुगड्याचा पदर तोंडाशी धरला होता.

“भावोजी, ते मशिदीच्या पायरीवर जाऊन बसलेत. उठत नायत. शीरा फोनवर रडून थकली. माझं ऐकत नायत. तुमचं ऐकतील.”

“माझं कधी ऐकलंय त्याने, वहिनी?” कमळाकर म्हणाला, पण चपला पायात सरकवल्या होत्या.

इझिकेल पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. म्हणजे जायची तयारी होती. कमळाकर शेजारी बसला. कुंडलिका नदीवरच्या पुलावरून धाटावची बस चालली होती.

“भ्यालास?” कमळाकरने विचारलं.

“व्हय.” इझिकेल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वादाशिवाय काही कबूल केलं होतं. “आमच्यातलं कोणी दवाखान्यात निघालं, परदेशी निघालं, तर आधी वडीलधाऱ्याची हातबोशी घेऊन निघायचं. मी किती जणांना दिली, तू बघितलंयस. शीराला मीच दिली. आता सगळ्यांत वडील मीच. मला देणारा कोण उरला?”

“पनवेललाच मशीद हाय. माणसं हायत. आपण तिकडून जाऊ.”

“चांगली माणसं हायत. पण मला या दाराची पायजे. माझ्या बापाच्या हातची.” तो थोडा थांबला. “शीरा म्हणते, रूबेनकाका फोनवरून देईल. हात काय फोनमधून येतो? तू सायन्सवाला, तूच सांग.”

एरवी कमळाकरने यावर अर्धा तास घेतला असता. माणसाला धीर आला की त्याचा श्वास कसा संथ होतो, भीती कमी झाली की हृदयावरचा भार कसा हलका होतो, हे त्याला सगळं ठाऊक होतं. तेवढं तर विज्ञान सांगतंच. म्हणजे नुसते हात पुढे केले असते तरी काम झालं असतं. पण तेच त्याला जमेना. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही ती मित्राच्या हातावर ठेवायची, तर आपल्यात आणि पिवळ्या पाण्याच्या बुवात फरक काय? आणि नाही ठेवायची, तर हा इथेच बसून मरणार.  इझिकेल मेला तर दर शनिवारी आपण कोणाशी भांडायचं, हा विचार त्याच्या मनात आला आणि डोळ्यांपुढची पायरी धुरकट झाली.

पायरी तीच होती. आई इथेच बसली होती, भिंतीला टेकून. आणि मग त्याला ते आठवलं.

“इझ्या,” तो म्हणाला, “तुझ्या बापाची हातबोशी माझ्याकडं हाय.”

“काय?”

“त्यांनी सुरू केली, फिरत फिरत तुझ्यापाशी आली, तू मला दिलीस. इथंच. मी आईला द्यायला गेलो, तिने घेतली नाय. त्यानंतर मी कोणाला दिलेली नाय. आईशप्पथ. पुढं द्यायची ती माझ्यापाशीच राहिली.”

इझिकेल त्याच्याकडे वळला.

“तिच्यात काय असतं, मला ठाऊक नाय,” कमळाकर म्हणाला. “आज पण ठाऊक नाय. पण जी दिलीस ती माझ्यापाशी हाय, हे खोटं नाय.”

त्याने दोन्ही हात पुढे केले. इझिकेलचे हात गार पडले होते. बॉयलरवर भाजल्याचे जुने डाग तळव्यांवर होते, ते कमळाकरला बोटांनी ओळखता आले. दोघांनी आपापली बोटं ओठांना लावली.  आळीच्या तोंडाशी हन्ना उभी होती, ती जागची हलली नाही.

 मग सुतारांच्या घरातलं शिस्तीचं पोर इझिकेलमध्ये जागं झालं असावं. त्याने पिशवी खाली ठेवली, इकडे तिकडे बघितलं आणि हात पुन्हा कमळाकरपुढे केले.

“गावली की पुढं द्यायची,” तो म्हणाला. “घे.”

कमळाकर चटकन मागे सरला.

“मला नको रे,” तो म्हणाला. “तुझं ऑपरेशन हाय. तुझ्याजवळच ऱ्हाऊं दे.”

इझिकेलने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि गाडीकडे चालू लागला.